मला न विचारता दिलेली साक्ष

माझ्या सुनेनं मला न विचारता बरं करून टाकलं. तेही सत्तर माणसांसमोर, रविवारी सकाळी, मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसलेली असताना.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणी झाली की साक्षीची वेळ असते. ज्याच्या घरात देवानं काही केलं असेल त्यानं उठायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. कोणाला कामधंदा लागतो, कोणाचा ताप उतरतो, कोणाची दारू सुटते. वीस वर्षांत मी पाच-सहा वेळा उठले असेन. माझा नवरा धुडकू प्यायचा थांबला तेव्हा उठले. चाळिसाव्या वर्षी अक्षराला अक्षर जोडून मी पवित्र शास्त्र वाचायला शिकले तेव्हा उठले. जेवढं झालं तेवढंच बोलले, वर मीठमसाला लावला नाही.

त्या रविवारी सोनाली उठली. मला नवल वाटलं. ही मुलखाची मुकी. दोन वर्षांपूर्वी माझा कुंदन, म्हणजे हिचा नवरा, गेला, तेव्हापासून हिनं मंडळीत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "माझ्या सासूबाईंचे डोळे प्रभूनं उघडले. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही. पण काल सकाळी त्यांनी पुस्तक उघडून वाचलं. मी माझ्या कानांनी ऐकलं."

काल सकाळी मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते हे खरं. माझा एक अध्याय आहे, तो मला तोंडपाठ आहे. दिसत नाही म्हणून काय पुस्तक उघडायचंच नाही? बोट पानावर ठेवते आणि म्हणते. हे सोनालीला माहीत नाही असं नाही. सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांत थेंब घालते कोण? तीच.

पण लोक टाळ्या वाजवायला लागले. हालेलुयाचा गजर झाला. मागच्या गल्लीतली रंजना धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. आमचे पास्टर मगनभाई मूळचे व्याऱ्याकडचे. मराठी बोलतात, पण आनंद झाला की गुजरातीवर येतात. ते म्हणाले, "शोभाबेन, ऊभां थाओ, ऊभां थाओ!" मी उभी राहिले. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. म्हणजे बघत असणार. मला दिसत होता तो पुढच्या रांगेतल्या एका बाईचा गुडघा.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

ते का मिटलं, ते पुढं सांगेन. आधी सुनेचं होऊ दे.

घरी येताना सूरतच्या ह्या डिंडोलीच्या पुलाखालून यावं लागतं. तिथं रविवारी पण गाड्यांना खळ नसतो. सोनालीनं माझा हात धरला होता.

"काय गं," मी म्हटलं, "मला कधी दिसायला लागलं? मला कोणी कळवलंच नाही."

ती झपाझप चालायला लागली.

"आता समोरून काय येतंय? रिक्षा की म्हैस?"

"टेम्पो. इकडं सरका."

"बघ. एवढं तरी विचारून घ्यायचं साक्ष द्यायच्या आधी."

"आई, मी विश्वासानं बोलले. आधी तोंडानं कबूल करायचं, मग देव ते पुरं करतो, असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"मोबाइलवर एक पास्टर येतात. दिल्लीचे."

"मग त्या दिल्लीच्या पास्टरला म्हणावं, डिंडोलीला या आणि म्हातारीला रस्ता ओलांडून द्या."

तेवढ्यात मागून कोणी तरी हाक मारली. मगनभाईंची बायको कविताबेन होती. सोनालीनं माझा हात झटकन सोडला. बऱ्या झालेल्या बाईचा हात कोणी धरून चालत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. माझ्या नव्हतं आलं. मी भर रस्त्यात एका जागी उभी राहिले आणि कविताबेनला म्हटलं, "चपलेत खडा गेला."

ते माझं पहिलं खोटं.

माझ्या डोळ्यांना काय झालंय ते सांगते. गुजरातीत त्याला झामर म्हणतात. आमच्या धुळ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू म्हटलं होतं. कुंदनची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा त्याला मशीनवर न्यावं लागायचं, त्या दिवसांत माझा उजवा डोळा काठाकाठानं विझत होता. माझ्या डोळ्याकडं बघायला वेळ कोणाला होता? कुंदन गेल्यावर सोनालीनं मला दवाखान्यात नेलं, तोवर उजवा संपला होता. डाव्यातून नळीतून बघावं तसं दिसतं. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते थेंबांनी टिकेल तेवढे दिवस टिकेल. पुस्तक उघडलं तर एक अक्षर दिसतं. त्याच्या शेजारचं कुठं गेलं ते शोधेपर्यंत पहिलं हरवतं. धागा कापायचं काम तर सुटल्यातच जमा आहे. साड्यांवर मशीनचं भरतकाम होतं, त्याचे उलट्या बाजूचे धागे घरी बसून छोट्या कैचीनं कापायचे असतात. पंचवीस वर्षं मी ते डोळे मिटून केल्यासारखं केलं. आता खरंच डोळे मिटून करावं लागलं, तर कैची कापडातच शिरली. दोन साड्या फाडल्यावर सेठच्या माणसानं माझ्याकडं साड्यांचं पोटलं टाकणं बंद केलं.

पण माणसं होती. मंडळीत प्रार्थनेची एक यादी असते. त्या यादीवर माझं नाव दीड वर्ष होतं, आणि नाव असलं की माणसं घरी येतात. मंगळवारी दुपारी बायका यायच्या. रंजना तर रोजच. ती मला एक पान वाचून दाखवायची, तिचं वाचणं म्हणजे बैलगाडी, आणि मी तिला शिव्या घालत दुरुस्त करायची. सगळ्या मिळून गात. चहा पीत. पापड लाटायला मदत करीत आणि माझ्या पोळपाटाला नावं ठेवत. सोनाली सकाळी नऊला मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला जाते, ती सातपर्यंत येत नाही. मधले दहा तास ह्या बायकांनी भरून काढले होते.

साक्षीनंतरच्या मंगळवारी मी चटई अंथरून बसले. चहाचं आधण ठेवलं. कोणी आलं नाही.

संध्याकाळी रंजना दारावरून गेली. मी हाक मारली.

"अगं, आज सगळ्या मेल्या का?"

"नाही हो शोभाबाई, आज कोसाडला गेलो होतो. तिथं एका बाईला लकवा झालाय. आता तुमचं तर देवानं पुरं केलं ना? तुम्हाला काय कमी!"

तिचा आवाज खरोखर खूश होता. यादीवरून नाव गेलं होतं. जाणारच. बरं झालेल्या माणसासाठी कोण गुडघे टेकतं?

तुम्ही कधी दहा तास एका खोलीत बसून बघा. पंख्याचा आवाज. शेजारच्या खात्यातले, कापडाच्या कारखान्यातले, लूम. नळाला पाणी येतं साडेअकराला, तेवढीच काय ती घडामोड. गावाकडं म्हणाल तर आम्ही येशूच्या मागं गेलो तेव्हाच भावकीनं लग्नाकार्याची बोलावणी बंद केली. धुडकू सहा वर्षांपूर्वी गेला. कुंदन गेला. आता ही मंडळी तेवढी माझी होती, आणि तिनं मला आनंदानं टाळ्या वाजवत सोडून दिलं होतं.

मी दुपारभर देवाशी भांडायची. मोठ्यानं. म्हणायची, पोरगा घेतलास तेव्हा एकवीस दिवस उपास केला होता सगळ्यांनी, तुला ऐकू आला नाही? डोळे घ्यायचे होते तर म्हातारपण संपल्यावर घ्यायचे. आणि आता माणसं पण नेलीस. माझ्याकडून अजून काय न्यायचं राहिलंय ते एकदाच सांगून टाक, मी बांधून ठेवते. तो काही बोलायचा नाही. तरी मी थांबायची नाही. एक दिवस बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी रिकाम्या भिंतीशी असं बोलले नसते. भिंतीचा कोणाला राग येतो? ज्याच्यावर चिडत होते तो खोलीत होता. त्यानं मला डोळे दिले नाहीत, उत्तर दिलं नाही, पण ऐकायला बसून होता. हे कोणाला सांगावं तर सांगायला कोणी नव्हतं.

आता मी तोंड का मिटलं ते. सुनेचं खोटं मी त्याच रविवारी मोडू शकले असते. पण सत्तर माणसं माझ्यासाठी उभी होती. दीड वर्ष मी बिचारी होते. बिचाऱ्या शोभाबाईंना इथं बसवा, बिचाऱ्यांना पाणी द्या. त्याआधी मला आयुष्यात कोणी बिचारी म्हटलेलं नाही, धुडकू पिऊन गटारात पडायचा तेव्हाही नाही. त्या दिवशी एका मिनिटात मी बिचारीची विजयी झाले. पुढच्या रविवारी माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची होती. मी त्या खुर्चीवर बसले. देवाला सगळं ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, सोनालीला ठाऊक होतं, आणि आम्ही तिघं गप्प.

घरी सोनाली दार लावून घेई आणि मग माझ्या डोळ्यांत थेंब घाली. पूर्वी दार उघडंच असायचं.

"कशाला घालतेस?" मी म्हणायची. "बरे झाले ना डोळे?"

"वर बघा. हलू नका."

"देव पुरं करतोय तोवर डॉक्टरचं चालू का?"

"आई, वर बघा ना."

तिचा थेंब चुकून माझ्या गालावर पडायचा. मी अजून टोचून बोलायची. मला वाटायचं, चांगलं झालं, चुकू दे.

महिनाभर असं चाललं. मग उखा आला.

उखा आमच्या शिंदखेड्याकडचाच. साठी उलटलेला, जन्म लूमच्या खात्यात गेला. आजही घरात अहिराणीच बोलतो. मंडळीत मागं बसतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी अकराच्या सुमाराला दारात येऊन उभा राहिला.

"माय, बठू का?"

"बस की. दार काय तुझ्यासाठी ओवाळून उघडू?"

तो बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला असावा, कापडाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "माय, मनं बी झामरच शे. डॉक्टर म्हने, जे गयं ते गयं. तुमनं कसं परत उनं?"

मी पदर डोळ्यांवर ओढला.

"माले काय इचारस? डॉक्टरले इचार."

"डॉक्टर काय सांगी? त्यानी तर थेंब दिधा. आज तीन दिवस व्हयनात, मी थेंब सोडी दिधा. म्हटलं शोभामायनं इतका मोठा विश्वास धरा, मी का धरू नको? थेंब टाकतस म्हणजे विश्वास नही, असं पोरी बोलतीस."

"कोणत्या पोरी?"

"मंडळीन्या. सोनालीनी साक्ष ऐकीसन."

मी म्हणायला हवं होतं, मेल्या, घरी जा आणि आत्ताच्या आत्ता थेंब घाल, मी स्वतः रोज घालते. शब्द जिभेवर होते. पण ते बोलले असते तर दुपारपर्यंत सगळ्या डिंडोलीत झालं असतं. खुर्ची गेली असती, सून खोटी ठरली असती, आणि मी महिनाभर तिच्या खोट्यावर बसले होते हेही निघालं असतं.

मी म्हटलं, "तुझं तू बघ, उखा. मला दळण आणायचंय."

तो उठला. "बरं माय," म्हणाला, आणि जाताना वाकून माझ्या पायाला हात लावून गेला.

दळण कसलं आणायचं? मला चक्की कुठल्या बाजूला आहे तेही आता हातानं भिंत चाचपल्याशिवाय कळत नाही. मी तिथंच बसून राहिले. त्या दिवशी देवाशी भांडले नाही. तोंडच नव्हतं. त्या दुपारी मात्र खोली खरंच रिकामी होती, कारण मीच त्याला तोंड दाखवत नव्हते.

सोनाली आली तेव्हा मी तिला सांगितलं. वाटलं घाबरेल. ती घाबरली, पण वेगळंच घाबरली.

"आता तर अजिबात मागं फिरता येणार नाही," ती म्हणाली. "मगनभाई आज मार्केटच्या गेटवर भेटले. येत्या रविवारी कामरेजला सगळ्या मंडळ्यांची सभा आहे. तुम्हाला वाचायला उभं करणार आहेत."

"काय वाचायला?"

"कुठलाही अध्याय. तुम्हाला आवडेल तो. ते म्हणाले, शोभाबेननं दोन मिनिटं वाचलं तरी लोकांचा विश्वास वाढेल."

मी हसले. मला हसूच आलं. "आणि तू काय म्हणालीस? तिला आंधळ्यांचं पुस्तक आणा म्हणालीस का?"

"आई." ती माझ्यासमोर येऊन बसली. तिचे हात गार होते. "तुमचा तो अध्याय पाठ आहे. पुस्तक हातात धरा आणि म्हणा. एक शब्द चुकणार नाही तुमचा. कोणाला कळणार नाही. तुम्ही म्हणत असताना देव करेल. मला खात्री आहे, म्हणता म्हणता दिसायला लागेल."

"आणि नाही लागलं तर?"

तिनं हात काढून घेतले. मग म्हणाली, "कुंदनच्या वेळी पण सगळे म्हणत होते, होईल. मी मनात शंका धरली होती. एकदाच. मशीनची सुई लावताना. म्हणून झालं नाही."

मला दोन वर्षांत हे माहीत नव्हतं. एका खोलीत राहत होतो, एका ताटात जेवत होतो. पोरगी दोन वर्षं नवऱ्याचं मरण स्वतःच्या डोक्यावर घेऊन मार्केटात साड्यांच्या घड्या घालत होती. आणि मी तिला मुलखाची मुकी म्हणत होते.

बोलायचं होतं ते मलाच अजून धड सापडलं नव्हतं.

रविवारी आम्ही मंडळीनं केलेल्या बसनं कामरेजला गेलो. एका पार्टी प्लॉटमध्ये, लग्नं लागतात त्या मैदानावर, मंडप घातला होता. माणसं किती होती कोण जाणे, आवाजावरून हजारभर तरी असतील. सूरतच्या, बारडोलीच्या, व्याऱ्याच्या मंडळ्या. गाणी मराठीत, गुजरातीत, हिंदीत. सोनालीनं मला स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आणलं, आणि पायऱ्या किती आहेत ते कानात सांगितलं. चार. मी चार पायऱ्या चढले, कठड्याला हात न लावता. ऐटीत.

मगनभाईंनी माझी ओळख करून दिली. ते मनापासून बोलत होते, त्यांना काय ठाऊक. मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पान उघडलेलं होतं. माइक कोणी तरी माझ्या तोंडाजवळ आणला.

मी खाली बघितलं. एक अक्षर दिसलं. 'म' होता, की 'भ'.

मला तो अध्याय येतो. अजूनही झोपेतून उठवा, म्हणून दाखवते. पहिली ओळ माझ्या जिभेवर आलीसुद्धा. समोर कोणाचं तरी तान्हं मूल तेवढं कुरकुरत होतं. आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "म्हना माय, म्हना." उखा होता. त्याला पुढं आणून बसवलं होतं, कारण मागून त्याला दिसत नाही.

मी पुस्तक मिटलं.

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं. माइक मोठा होता, माझाच आवाज मला मागून ऐकू आला. "मला दिसत नाही. उजवा डोळा गेलाय, डावा जातोय. रोज दोन वेळा थेंब घालते. उखा, ऐकतोयस का? मी रोज घालते. तू आज घरी जाऊन घाल, नाही तर मी येऊन तुझी टोपी उडवीन."

कोणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

"महिनाभर मी खुर्चीवर बसले आणि बरी झाले असं लोकांना वाटू दिलं. ते माझं पाप. सुनेचं नाव कोणी घ्यायचं नाही. देवानं मला बरं केलेलं नाही. मी मागितलं, तुम्ही मागितलं, त्यानं दिलं नाही. पोरासाठी मागितलं, तेही दिलं नाही. आणि तरी मी त्याचीच आहे. घरी एकटी बसते तेव्हा तो असतो. दिसत नाही, पण मला आता दिसतं तरी काय? एवढीच माझी साक्ष. टाळ्या वाजवायच्या असल्या तर वाजवा."

कोणी वाजवल्या नाहीत.

मगनभाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. रागानं नाही. हात थोडा वेळ माझ्या हातावर ठेवला आणि मग माइकवर म्हणाले, "प्रार्थना करीए." त्यांची प्रार्थना छोटी झाली. त्यांना शब्द सापडत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला ती त्यांची आजवरची सगळ्यात चांगली प्रार्थना वाटली. पण मी पायऱ्या उतरताना मंडपात कुजबुज सुरू झाली होती. "मग खोटं कशाला बोलली?" असं एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "विश्वास कमी पडला." रंजना बाजूनं गेली. मला तिच्या बांगड्यांचा आवाज ओळखता येतो. ती थांबली नाही.

परतीच्या बसमध्ये आमच्या मागचं पुढचं बाक रिकामं होतं. काही माणसं उभी होती, तरी ते रिकामंच राहिलं. सोनाली खिडकीकडं तोंड करून बसली होती. उतरताना उखानं माझा हात धरून मला खाली घेतलं आणि म्हणाला, "टाकस माय, घर जाईसन थेंब टाकस." एवढंच. त्याच्या आवाजात काय होतं ते कळलं नाही. रडला असेल. माझ्यामुळं त्याचे किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत किती नजर गेली, ते मला कधीच कळणार नाही. ते माझ्याबरोबर राहील.

घरी आल्यावर सोनाली साडीसुद्धा न बदलता भिंतीला टेकून खाली बसली. संध्याकाळचे पाच वाजले असतील. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

"आता मी मंडळीत कुठल्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली.

"ह्याच. दुसरं आहे का तुझ्याकडं?"

"तुम्हाला सगळं सोपं वाटतं."

"मला? मला आज हजार माणसांत कोणी पाणी विचारलं नाही."

ती रडायला लागली. आवाज न करता, पण मला कळतं. मग एकदम म्हणाली, "तुम्हाला राग येत नाही का त्याचा? खरं सांगा. कुंदनला नेलं. आता तुमचे डोळे. उद्या मला एकटीला ठेवून तुम्हाला पण नेईल. आणि तुम्ही तिथं उभ्या राहून म्हणता, मी त्याचीच. कशी म्हणता?"

"राग येतो की. रोज येतो. तू मार्केटात गेलीस की मी त्याचा उद्धार करते, शेजाऱ्यांना विचार."

"मग?"

मी चाचपत तिच्याजवळ गेले. गुडघे कुरकुरले. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, आणि बऱ्याच दिवसांनी मला जे बोलायचं होतं ते सापडलं.

"ऐक," मी म्हटलं. "आता मी बोलते आणि तू मधे बोलायचं नाही. खोटी साक्ष दिलीस, ती मी आज पुसली, तो विषय संपला. कुंदन तुझ्या शंकेनं मेला नाही. बायकोच्या मनात एक शंका आली म्हणून नवरा मारणारा देव असता, तर मी त्याच्या दारात थुंकायलासुद्धा गेले नसते. हे आजपासून डोक्यातून काढ. तुझी चूक वेगळीच आहे. ह्या वेळी पण तो नाही म्हणेल ह्या भीतीनं त्याच्या आधी तूच हो म्हणून टाकलंस. बाई गं, त्याची लाज राखायला तुला कामाला ठेवलेलं नाही. त्यानं नाही म्हटलं. मी ऐकलं. का म्हटलं ते मला ठाऊक नाही, आणि त्याच्यासमोर गेले की पहिलं तेच विचारणार आहे. पण तुम्ही सगळे उठून गेलात तेव्हा नाही म्हणणारा तोच माझ्याजवळ बसून राहिला. त्याच्या हातात मी आंधळी व्हायला तयार आहे. मला बरी करू नको, सोनाली. माझ्याजवळ बस आणि खरं बोल. तेवढं जमलं तर तू माझी सून, आणि नाही जमलं तरी माझीच, जाशील कुठं."